गोंड्याला शिवली

चुकीपासूनच सुरुवात करतो. ती माझीच आहे, आणि घरात एव्हाना सगळ्यांना तोंडपाठ झाली आहे.

या माघात सासूबाई आजारी असल्याचा निरोप आला म्हणून आम्ही दोघं साताऱ्याहून खाली सांगलीकडे उतरलो. कृष्णेच्या काठचं त्यांचं गाव. गावाच्या कडेला आम्हा ख्रिस्ती लोकांची थोडी घरं, त्यातलं शेवटचं त्यांचं. म्हातारी वाकळ ओढून भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगात फणफणून ताप, छाती कफानं भरलेली, श्वासाला बारीक शिट्टी. बायकोनं आईच्या कपाळाला हात लावून बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "प्रार्थना करा. थोडक्यात."

'थोडक्यात' हा शब्द आमच्याकडे माझ्या प्रार्थनेला कायमचा जोडलेला आहे. जेवणाआधी मी डोळे मिटले की भाकरी वातड होते, असं मुलं म्हणतात. तरीही मी डोळे मिटले. यंदाच्या थंडीत साताऱ्याच्या आमच्या देवळातली म्हातारी माणसं पाठोपाठ गेली होती, पाळकसाहेब दौऱ्यावर होते, आणि मंडळीतला वडील, म्हणजे देवळाच्या पंचांपैकी एक, म्हणून कबरस्तानातल्या प्रार्थना माझ्याच गळ्यात पडल्या होत्या. जीभ त्या वाटेला सरावलेली. सुरुवात नीट झाली. पण बैल जसा ओळखीच्या रस्त्याला आपण होऊन वळतो, तशी ती मध्येच वळली, आणि मी भरल्या आवाजात म्हणून गेलो, "तुझ्या या दासीचे कष्ट आता संपले, हे प्रभू. तिला तुझ्या चरणांशी विसावा दे. मागे राहिलेल्यांचं सांत्वन कर."

कुणी 'आमेन' म्हटलं नाही. वाकळ हलली. सासूबाईंनी एक डोळा उघडला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "अजून हाय मी."

थोडा दम खाल्ला आणि पुढे म्हणाल्या, "आन् मागं ऱ्हायल्यालं कोन, त्ये बी अजून ठरायचं हाय."

बायकोनं मला डोळ्यांनीच दार दाखवलं. मी अंगणात येऊन उभा राहिलो.

बाहेर हळद शिजत होती. शेजारच्या खळ्यावर चुलवण पेटलेलं, वर कायल, कायलीवर गोणपाट, आणि गोणपाटाच्या कडांतून निघणारी वाफ सरळ आमच्या दारावर येत होती. ज्यानं हा वास घेतला नाही त्याला तो कसा सांगावा? ओल्या मातीचा आहे, पण पावसाचा नाही. औषधाचा आहे, पण बाटलीतला नाही. लग्नघराचा थोडा, बाळंतिणीच्या खोलीचा थोडा, आणि खाली कुठंतरी जळक्या पाचटाचा. हंगामात गाव या वासात इतकं मुरतं की दुधालाही तो लागतो. पायवाटा पिवळ्या, कुत्र्यांचे पाय पिवळे, बायकांच्या बांगड्यांच्या फटी पिवळ्या. हा वास नाकात गेला की माझा हात आपोआप गळ्याकडे जातो. त्या दिवशीही गेला.

हा वास गळ्याशी जोडला गेला तो हंगाम दुसऱ्या महायुद्धाच्या मधल्या वर्षांतला. मी साताऱ्याला मिशनच्या शाळेत मराठी शिकवत होतो, म्हणजे विभक्त्या आणि समास मुलांच्या डोक्यात ओरडून घालत होतो. आदित्यवारी देवळात गायन मीच सुरू करायचो. कुणाच्या घरी बारसं असो की लग्न, 'मास्तर, दोन शब्द' असं कुणी म्हटलं की दोनाचे दोनशे करायची माझी तयारी. थोडक्यात सांगायचं तर (मला जमतं कधी कधी) मी म्हणजे एक घसा होतो आणि त्याला खाली हातपाय जोडलेले होते.

नाताळात गाताना आवाज फाटला. थंडी म्हणून सोडून दिलं. संक्रांतीपर्यंत नुसती हवा उरली. दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी तोंडात बारीक आरसा घालून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि हात धूत धूत सांगितलं की आत गाठ आहे. "ईस्टरपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. गाठ बसली तर बसली. नाही बसली तर कापावी लागेल, आणि मग आवाजाचं मी काही सांगू शकत नाही."

आवाजापेक्षा मला दुसरंच काही आठवलं. माझे वडील घशाच्याच दुखण्यानं गेले. शेवटी शेवटी त्यांचे ओठ हलायचे, आणि मी कान जवळ नेला तरी काही ऐकू यायचं नाही. त्यांना काय सांगायचं होतं ते मला आजतागायत माहीत नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी बायकोकडे बघून ओठ हलवले, आणि आपण हुबेहूब त्यांच्यासारखे दिसत असणार हे लक्षात येऊन ते मिटून घेतले.

साताऱ्यात राहिलो तर माझं तोंड बंद राहणं शक्य नाही, हे बायकोनं ओळखलं. तिनं शाळेतून रजा मिळवली, मुलांना माझ्या बहिणीकडे ठेवलं आणि मला माहेरी घेऊन निघाली. त्या वेळी पेट्रोल नव्हतं. मोटारी मागं कोळशाची भट्टी लावून, धुरावर चालायच्या, आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायच्या. उंब्रजला आमची मोटार थांबली ती थांबलीच. शेजारची एक बाई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी न राहवून बायकोला म्हणाली, "मुकं हाईत का वो?"

"नाही," बायको म्हणाली, "सुट्टीवर आहेत."

लग्न झाल्यापासून आमच्यातला सगळा संवाद प्रथमच तिच्या एकटीच्या ताब्यात आला होता. तिला तो मानवला, असं मला तेव्हा वाटलं. रात्रंदिवस मला जपताना ती किती घाबरलेली होती, हे मला पुष्कळ नंतर समजलं.

सासूबाईंनी माझ्या गळ्याला जुनी लोकरीची पट्टी गुंडाळली, सकाळ-संध्याकाळ हळद घातलेलं दूध समोर ठेवलं आणि मला अंगणातल्या लिंबाखाली बसवलं. दिवसभर काम काय, तर बसणं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खळ्यावरचा एक गडी विस्तव मागायला आला. "पाव्हणं, कंचं गाव?" मी आधी तोंडाकडे बोट दाखवलं, आणि मग सातारा वरच्या अंगाला म्हणून बोट वर केलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, वर आभाळाकडे बघितलं, आणि विस्तव न घेताच परत गेला.

उन्हं कलायच्या आत खळ्यावर सगळ्यांना कळलं होतं: राहीबाईच्या घरी मौनीबाबा आलाय, त्याला बोलायचं न्हाई असा वरनं हुकूम हाय.

सासूबाईंचं बाप्तिस्म्याचं नाव राहेल. गावाच्या तोंडात त्याची राही झालेली. त्या सगळ्यांना समजावून थकल्या. "आवं, ह्यो बाबा न्हाई, जावई हाय माझा. बोलून बोलून नरडं फाटलंय त्येचं." पण त्या दिवसांत आमच्या भागात चळवळीतली माणसं लपून राहत होती, खरी ओळख कुणी सांगत नसे, त्यामुळे जो जितका नाही म्हणे तितका लोकांचा संशय पक्का होई. दोन दिवसांनी माझ्यापुढं नारळ आला. मी दोन्ही हात जोरजोरानं हलवून नको म्हणालो, तर देणारानं तो आशीर्वाद समजून डोक्यावरची टोपी काढली. सासूबाईंनी नारळ उचलून आत नेला. "द्येव कंचा बी आसू दे," त्या म्हणाल्या, "खोबरं गोडच आसतं."

आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा आत हसू नव्हतं. पहाटे जाग आली की पहिल्यांदा हात गळ्याकडे जायचा, मग वडिलांचे ओठ दिसायचे. मी प्रार्थना करायला डोळे मिटायचो आणि काहीच घडायचं नाही. इतकी वर्षं मी देवाशी बोलत आलो होतो, पण नेहमी कुणीतरी ऐकायला समोर असायचं, आणि वाक्य चांगलं साधलं की मला ते आपलं आपल्याला कळायचं. आता ऐकायला कुणी नाही, आणि वाक्य तर नाहीच. माझा सगळा विश्वास घशात होता, आणि घसा डॉक्टरांनी कुलूप लावून ठेवलेला.

गोदाक्का पहिल्यांदा आली ती अशाच एका दुपारी. शेजारचं हळदीचं खळं तिच्याच घरचं. कर्ती, थोराड बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, हात कोपरापर्यंत पिवळे. ती आमच्या अंगणात आली नाही. आमचं अंगण आणि तिचं खळं यांच्यामध्ये दगडांची एक ओळ होती, तिच्या पलीकडेच ती टेकली. त्या दगडांना आजवर कुणी कुंपण म्हटलं नव्हतं, पण ते काय होतं हे दोन्हीकडच्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. सासुरवाडीची ही माणसं ख्रिस्ती होण्याआधी गावकुसाबाहेरची, आणि ख्रिस्ती झाल्यावरही गावाच्या लेखी तिथंच.

"बाबा," ती म्हणाली, "माझा संभा लढाईवर हाय. बरम्याकडं. दसऱ्यापासनं काय बी कळलं न्हाई." बराच वेळ ती आपल्या तळहाताची साल काढत बसली. "आमच्या समद्या द्येवांस्नी सांगून झालं. आता तेवडा तुमचा ऱ्हायलाय. त्येला सांगा."

मला बोलता येत असतं तर मी तिला पुष्कळ काही ऐकवलं असतं. मी मौनीबाबा नाही हे सांगितलं असतं, संकटात धीर कसा धरावा हे सांगितलं असतं, बहुतेक दोन-तीन मुद्दे पाडून सांगितलं असतं. मी नुसती मान हलवली. आणि मान हलवली म्हणजे आता आपण अडकलो, हे मला ती उठून गेल्यावर कळलं.

त्या संध्याकाळी लिंबाखाली डोळे मिटले तेव्हा माझ्याजवळ एकच शब्द होता: संभा. त्याला विशेषण नाही, क्रियापद नाही. मी तो घेऊन बसलो, जसं कुणाचं निजलेलं पोर मांडीवर घेऊन बसावं आणि ते उठेल म्हणून हलू नये. किती वेळ गेला कुणास ठाऊक. डोळे उघडले तेव्हा माझा हात गळ्यावर नव्हता, एवढंच मला आठवतं.

मग रोज कुणी ना कुणी येऊ लागलं. कुणाची सून नांदत नव्हती, कुणाच्या रेडकाला काही झालं होतं. माझ्याकडे उत्तर नाही हे त्यांना ठाऊकच होतं, म्हणून ती मोकळ्यानं बोलत. मी आयुष्यात कधी इतकं ऐकलं नव्हतं. संध्याकाळी माझ्याजवळ नावांची एक ओंजळ जमायची, त्यात रेडकूही असायचं, आणि ती सगळी मी एकेक करून वर द्यायचो. गाठ आत होतीच. भीतीही होती. पण भीतीला बसायला पूर्वी अख्खं घर मोकळं होतं, आता तिला दाटीवाटीनं कोपऱ्यात बसावं लागे.

दुपारी सासूबाई अंगणात वाकळ पसरून शिवायला घेत. गावातल्या घराघरांतून उतरलेली जुनी लुगडी त्यांना मिळत, कामाच्या मोबदल्यात नाही तर नुसतीच, लांबूनच टाकलेली. त्या लुगड्यांचे थर लावून त्या टाके घालत, आणि टाके घालताना गोष्टी सांगत. बायको दुसऱ्या टोकाला बसे. एके दिवशी त्यांनी ती गोष्ट काढली, आमच्या प्रत्येक देवळात वाचतात ती, दुखणाईत बाईची.

"बारा वर्सं ती बाई दुखन्याईत. वैदांनी लुबाडल्याली. कुनी जवळ येऊ दीत न्हवतं तिला, घरात न्हाई की दारात न्हाई. एक दिस आयकलं, प्रभू गावात आलाय. ही उटली आन् गेली. तितं लय गर्दी. कुनी वाट दिना. तवा तिला काय दिसलं, तर प्रभूच्या आंगरख्याचा गोंडा निसटून लोंबतोय. समदी त्येच्या तोंडाकडं बगत्यात, गोंड्याकडं कोन बगतंय? ती पाठीमागनं आली, गप खाली बसली, सुईत दोरा ववला आन् गोंड्याला शिवली. एक सबूद बोलली न्हाई. झालं. तितल्या तितं बरी."

मी ताडकन सरळ बसलो. वाचणारांच्या लक्षात आलंच असेल. गोंड्याला शिवली, म्हणजे हात लावला. स्पर्श केला. सुईदोऱ्याचा तिथं काही संबंध नाही. 'गोंड्याला शिवली' आणि 'गोंडा शिवला' यात एका विभक्तीचा फरक आहे, आणि मी जन्मभर विभक्त्याच शिकवत आलो होतो. म्हातारी चाळीस-पन्नास वर्षं देवळात बसून ही गोष्ट ऐकत आली, आणि दर वेळी त्या बाईच्या हातात सुई बघत आली होती. मी तोंड उघडलं. सासूबाईंनी सुईच माझ्यावर रोखली. "डाक्टर काय म्हनला?"

मग मी बायकोशी बोलण्यापुरती जवळ ठेवलेली पाटी ओढली आणि घाईघाईनं लिहिलं: येथे शिवली म्हणजे स्पर्श केला, सुईने नव्हे. पाटी सासूबाईंपुढं धरली. त्यांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी लेकीला विचारलं, "काय म्हंत्यात?"

बायकोनं पाटी वाचली. माझ्याकडे बघितलं. मग पदराच्या टोकानं पाटी स्वच्छ पुसली आणि आईला म्हणाली, "ते विचारतायत, दोरा कुठल्या रंगाचा होता."

सासूबाईंनी विचार केला. "पिवळाच आसंल की. दुसरा कुटनं आननार गरीबाची बाई?"

मी इतका चिडलो की दूध न पिता उठलो. संध्याकाळी बायको लिंबाखाली माझ्याशेजारी येऊन बसली, आणि मला अडवता येत नाही याचा फायदा घेऊन तिनं मला तिच्या आईचं लहानपण सांगितलं. आईच्या लहानपणी तो शब्द दिवसातनं कितीदा तरी कानावर यायचा, पण नेहमी एकाच तऱ्हेनं. लांब हो, शिवशील. घागर खाली ठेव, शिवू नको. सावली आवर, शिवली बघ. पाण्याला गेलं तर कुणी ओतेपर्यंत उभं राहायचं, आणि ओतणाराची घागर शिवायची नाही. "त्या पोरीला देवळात पहिल्यांदा कुणी सांगितलं असेल," बायको म्हणाली, "की एक बाई शिवली आणि बरी झाली. तिला ते खरं कसं वाटावं? शिवलं की मार बसतो, एवढंच तिला ठाऊक. मग तिनं त्या बाईच्या हातात सुई दिली असेल. सुई घेऊन शिवायला तर कुणाची ना नव्हती."

खळ्यावरची वाफ आमच्यावरून जात होती. मी पाटी उचलली, आणि पालथी करून खाली ठेवली.

गोदाक्का त्या गोष्टी ऐकत होती, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. दगडांच्या पलीकडे हळद वाळत घालताना तिचा हात मंद व्हायचा इतकंच. हंगाम उतरणीला लागला होता, पिवळी हळकुंडं उन्हात खडखडायला लागली होती, तेव्हा एका दुपारी ती कामावरून उठली, हात लुगड्याला पुसले, आणि दगडांच्या ओळीशी येऊन थांबली.

"राही," ती म्हणाली, "ती हिरवी पट्टी माझ्या लुगड्याची हाय न्हवं?"

"तुझीच की. गेल्या सालची."

"संभा गेला त्या दिशी नेसले हुते मी त्ये." तिनं पायानं एक दगड चाचपला. "मला बी शिवू दे गं दोन टाकं."

सासूबाईंची सुई वर होती, ती वरच राहिली. मग म्हातारी बसल्या जागी सरकली आणि वाकळीची कड तिच्या बाजूला मोकळी केली. "शिव की," त्या म्हणाल्या. "त्येला इचारतीस कशाला?"

गोदाक्कानं दगड ओलांडले. एक पाऊल ते, पण तिनं ते नदीत उतरावं तसं टाकलं. ती बसली. सासूबाईंनी सुई पुढं केली, तिनं ती घेतली, आणि घेताना बोटांना बोटं लागली. दोघींचीही पिवळी होती. कुणाची कुठली हे सांगता आलं नसतं. संभाच्या पट्टीवर तिनं टाके घातले, जाड, वेडेवाकडे, हळदीच्या बाईच्या हाताचे, आणि घालता घालता तिच्या डोळ्यांतलं पाणी वाकळीत मुरत गेलं. उठून जाताना तिनं आमच्या रांजणातलं पाणी मागितलं नाही. एका दिवसात सगळं होत नसतं. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, आणि स्वतःची सुई घेऊन आली.

ईस्टर झाल्यावर डॉक्टरसाहेबांनी पुन्हा आरसा घातला. बराच वेळ बघितलं, आरसा काढला, पुन्हा घातला. "जवळजवळ नाहीच," ते म्हणाले. "विश्रांतीनं होतं असं कधी कधी. बोला बघू. कसं वाटतंय?"

या घटकेसाठी मी स्तुतीचं एक मोठं वाक्य तयार ठेवलं होतं. उपमा होती त्यात. पण सबंध हंगाम ज्यांचं बोलणं कानात मुरलं होतं त्यांचंच आधी बाहेर आलं. शुद्ध मराठीचा मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बरं हाय."

बायको तिथंच बाकावर बसली आणि पदरात तोंड घालून हसत राहिली, निदान मला ते हसणं वाटलं.

विश्रांतीनं की दुधानं की आणखी कशानं, याचा हिशेब मी मांडत नाही. गाठ कशानं गेली ते डॉक्टरांना विचारावं. पण त्या गाठीच्या अलीकडे माझ्यात आणखी एक आवळलेलं काही होतं, ते आरशात दिसणारं नव्हतं, आणि ते सुटलं हे मला पक्कं ठाऊक आहे. आवाज पूर्वीसारखा उंच चढत नाही. गायन आता दुसरे सुरू करतात. संध्याकाळी नावांची ओंजळ घेऊन बसायची सवय राहिली आहे, आणि तेवढ्यापुरतं मी खरोखर थोडक्यात आटोपतो.

तर हे सगळं मी परवा त्या अंगणात उभा राहून आठवत होतो, कबरस्तानातली प्रार्थना जिवंत माणसावर म्हणून आल्यानंतर. शेजारच्या चुलवणात पाचट सारणारा माणूस मला बघून ओरडला, "काय बाबा, कवा आला?" तो संभा. लढाई संपल्यावर परत आला, एक कान बरम्यात ठेवून, त्यामुळे सगळ्या जगाशी ओरडून बोलतो. गोदाक्का तोवर दगडांच्या जागेवरून सरळ आत शिरली होती. ते दगड आता कुठं गेले देव जाणे, बहुतेक त्याच चुलवणाला लागले असावेत. आतून तिचा आवाज आला, "राही, ऊट गं. हळद तुझा बाप काडनार हाय व्हय?"

सांगलीहून डॉक्टर येऊन गोळ्या देऊन गेले. गोदाक्का आणि बायको आळीपाळीनं उशाशी बसल्या. मी पायाशी बसलो आणि तोंड उघडलं नाही. म्हातारीच्या अंगावर तीच वाकळ होती, विटलेली हिरवी पट्टी तिच्या छातीशी श्वासाबरोबर वरखाली होत होती, आणि मी त्या पट्टीकडे बघत एकच नाव धरून बसलो होतो: राहेल. शिट्टी कधी वाढायची, कधी कमी व्हायची. तिसऱ्या सकाळी ती थांबली. वाकलो तर म्हातारी घामानं भिजून शांत निजली होती.

उन्हं वर आल्यावर त्यांनी डोळे उघडले, वाकळीची एक कड चाचपली आणि म्हणाल्या, "हितं उसवलंया. जावईबापू, सुईत दोरा ववून द्या."

मी डोळे बारीक करून दोरा सुईजवळ नेऊ लागलो. तो काही केल्या जाईना.

"डोळं मिटून ववताय व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "परार्थना न्हाई ती."

दोरा गेला. त्यांनी दोन टाके घातले आणि दमून सुई माझ्याकडे दिली. आता मला बोलता येत होतं, म्हणून मी विचारलंच, "मामी, त्या गोष्टीतल्या बाईनं खरंच सुई नेली होती बरोबर?"

"मग?" त्या म्हणाल्या. "बिनसुईची बाई कंची बगितलीया तुमी?"

परतीच्या मोटारीसाठी आम्ही दोघं फाट्याकडे चालत निघालो तेव्हा बायकोच्या हातात हळकुंडांचं गाठोडं होतं आणि चालताना ते खडखडत होतं. इतक्या वर्षांत जे पाटीवरून पुसलं गेलं होतं ते मी पुन्हा काढलं. म्हटलं, "काही झालं तरी मी मास्तर आहे. आईंना एकदा नीट सांगायला हवं होतं, की तिथं शिवली म्हणजे नुसता हात लावला. शिवलं नाही काही."

ती थांबली. गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं.

"अहो," ती म्हणाली, "शिवल्याशिवाय शिवता येतं होय कुणाला?"